रणगाड्याच्या मॉडेलला डिटेलिंग करायचंय? सोलापुरात बसून रेफरन्स कसा जमवायचा

डिटेलिंगला, म्हणजे मॉडेलवर खऱ्या गाडीसारखे बारीक तपशील चढवायला, हात घालायच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कुठली गाडी, कुठलं साल, कुठली जागा. नुसतं "सेंच्युरियन करायचाय" एवढ्यावर भागत नाही, कारण सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा १९४५ पासून पुढं कितीतरी वर्षं बनत अन् बदलत राहिला, ब्रिटनचा वेगळा, इस्रायलचा वेगळा, ऑस्ट्रेलियानं व्हिएतनामला नेलेला वेगळा आणि आपला वेगळा. तेच "१६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, पूना हॉर्स" (ही आपली रणगाड्यांची रेजिमेंट) असं लिहिलं की शोधायला काहीतरी हातात येतं. मी इथं बऱ्याच ठिकाणी हेच उदाहरण धरलंय, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा "फामागुस्ता" नावाचा सेंच्युरियन, कारण आपल्याकडच्या मॉडेलवाल्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात तो असतोच.

मग त्याच कागदावर खाली प्रश्न लिहायचे. बॅरल कुठलं होतं? साइडच्या प्लेटा लावलेल्या होत्या की काढलेल्या? फेंडरवरच्या पेट्या किती अन् झाकणं कुठल्या बाजूला उघडतात? टो केबल कुठं अडकवली होती? नाव आणि नंबर कुठं रंगवले होते, किती उंचीच्या अक्षरात? माझं ठाम मत आहे की रेफरन्स म्हणजे फोटोंचा ढीग नाही, ह्या प्रश्नांची उत्तरं म्हणजे रेफरन्स. लोक पाचपाचशे फोटो डाउनलोड करून ठेवतात आणि शेवटी टरेटच्या (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) मागच्या जाळीच्या पेटीचा तळ कसा होता हे त्यातल्या एकाही फोटोत दिसत नाही. प्रश्न आधी असले की मग दहा फोटो पण पुरतात.

पहिलं काम घरबसल्या होतं. स्केलमेट्स नावाची साइट आहे, त्यात तुमचं किट, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांचा डबा, शोधा, ते पहिल्यांदा कधी निघालं, नवीन टूलिंग आहे का जुन्याच साच्याला नवीन डबा दिलाय ते तिथं कळतं, बऱ्याच किटच्या इन्स्ट्रक्शन शीट पण बघायला मिळतात. ह्याचा फायदा असा की दुसऱ्या कंपनीच्या त्याच गाडीच्या किटची शीट तुमच्या शीटशेजारी ठेवली की फरक लगेच दिसतात, ह्यानं चार बोल्ट दिलेत, त्यानं सहा दिलेत, म्हणजे इथं खऱ्या गाडीचा फोटो बघायला पाहिजे. पण किटवाल्यानं दिलंय म्हणून ते खरं असं धरू नका, किटवाला पण कुणाचा तरी फोटो बघूनच काम करतो, नाहीतर म्युझियममधली एखादी गाडी मोजून, आणि ती गाडी कुठल्या सालातली ते त्याच्यावर अवलंबून.

आता फोटो. फोटो तीन जातीचे असतात आणि तिघांचं काम वेगळं आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा. त्या काळातला फोटो सांगतो की गाडीवर काय होतं. आज उभ्या असलेल्या गाडीचा फोटो सांगतो की ती वस्तू कशी बनवलेली आहे, वेल्ड कुठं, बिजागरी कशी, पत्रा किती जाड. आणि मॅन्युअल सांगतं की ती वस्तू काय कामाची आहे, कुठनं उघडते, कुठं जोडलेली असते. तिघांत भांडण लागलं तर त्या काळातल्या फोटोचं ऐकायचं.

काळातले फोटो कुठं शोधायचे तर ब्रिटिश गाड्यांसाठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचं ऑनलाइन कलेक्शन पहिलं, दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय पलटणींचे फोटो पण त्यात भरपूर आहेत, उत्तर आफ्रिका, इटली, बर्मा सगळं. अमेरिकन गाड्यांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि तिथलं नॅशनल आर्काइव्हज. जर्मन गाड्यांसाठी विकिमीडिया कॉमन्सवर जा, जर्मनीच्या बुंडेसआर्किव्हनं २००८ मध्ये ऐंशी हजारांवर फोटो तिथं दिलेत, फुकट बघता येतात. जुन्या न्यूजरील बघायच्या असतील तर ब्रिटिश पाथेनं आपल्या फिल्म यूट्यूबवर टाकून ठेवल्यात. व्हिडिओचा एक मोठा फायदा आहे जो लोक विसरतात, गाडी वळते तेव्हा फोटोत कधीच न दिसणारी बाजू अर्धा सेकंद दिसते, तिथं थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा. स्पीड पावपट करून बघा.

फोटोखाली लिहिलेल्या कॅप्शनवर मात्र आंधळा विश्वास नको. एकच फोटो १९६५ म्हणून फिरतो, तोच १९७१ म्हणून पण फिरतो. रिव्हर्स इमेज सर्च करा, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठ्या साइजची कॉपी शोधा, ती बहुतेक वेळा मूळ संग्रहाजवळ नेते. आणि फोटोतल्याच गोष्टी तपासा, कपडे, शिरस्त्राण, झाडं, मागची गाडी.

आता सेंच्युरियनचा सापळा सांगतो, कारण ह्यात नवीन माणूस हमखास फसतो. इंटरनेटवर "सेंच्युरियन" टाकलं की जे फोटो धो धो येतात त्यातले कितीतरी इस्रायलचे असतात, म्हणजे शोत काल. त्यात मूळचं मिटियर पेट्रोल इंजिन काढून कॉन्टिनेंटल डिझेल घातलेलं, त्यामुळं मागचा इंजिन डेक उंच झालेला आणि मागच्या फेंडरवर एअर फिल्टरच्या मोठ्या पेट्या आलेल्या. ते बघून आपल्या गाडीचा मागचा भाग केला तर सगळंच चुकलं. दुसरे येतात ते ऑस्ट्रेलियाचे मार्क ५/१, व्हिएतनाममधले, त्यांच्या मागं जादा पेट्रोलची टाकी लटकवलेली आणि साइडच्या प्लेटा बऱ्याचदा काढून टाकलेल्या. आपल्याकडं आलेले ते मार्क ७, ज्यात आतच पेट्रोलची जागा वाढवलेली, म्हणून मागच्या डेकची मांडणी मार्क ५ पेक्षा वेगळी. किट मार्क ५ चं असेल तर सगळ्यात आधी तिथं बघा. पण म्हणून इस्रायली फोटो फेकून देऊ नका, हॉर्स्टमन सस्पेन्शन, सहा चाकं, टरेटच्या कास्टिंगचा खरबरीतपणा, ट्रॅकच्या पिना, हे सगळं त्यातनं उत्तम घेता येतं. कुठल्या फोटोतनं काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही एवढंच कळायला पाहिजे.

बॅरलचं पण असंच. सेंच्युरियनची २० पाउंडर तोफ दोन रूपात दिसते, एकात बॅरलवर फुगवटाच नाही, तोंडाशी फक्त एक वजनदार कडं, आणि दुसऱ्यात बॅरलच्या मध्याजवळ धूर ओढणारा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर, तो चारी बाजूंनी सारखा गोल. नंतरची १०५ मिलिमीटरची एल-७ तोफ असेल तर तो फुगवटा एका बाजूला सरकलेला असतो, वर जास्त आणि खाली कमी. समोरनं काढलेल्या फोटोत हे कळत नाही, बाजूनं काढलेला फोटोच लागतो. म्हणून तुम्ही ज्या गाडीचं मॉडेल करताय त्या गाडीचा, नाहीतर निदान त्याच रेजिमेंटचा अन् त्याच महिन्यातला बाजूचा फोटो मिळाल्याशिवाय बॅरल चिकटवू नका, बाकी काम चालू ठेवा.

टी-५५ हा रशियन रणगाडा करणाऱ्यांसाठी तर ह्याहून भारी गोष्ट आहे. १९७१ मध्ये पाकिस्तानकडं चिनी टाइप ५९ होते आणि ते लांबनं बघितलं तर टी-५५ सारखेच दिसतात, म्हणून आपल्या टी-५५ च्या बॅरलवर मध्यावर एक खोटा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर बसवला होता, आपलेच गोळे आपल्याच गाडीवर पडू नयेत म्हणून. किटमध्ये तो नसतो. आणि आज कुठं चौकात किंवा म्युझियममध्ये उभा असलेला भारतीय टी-५५ बघाल तर त्यावर बऱ्याचदा नंतर बसवलेली १०५ ची तोफ असते. म्हणजे गाडी खरी, सैन्यात राहिलेली, समोर उभी, हात लावून बघता येते, तरी १९७१ च्या मॉडेलला तिचं बॅरल चालत नाही. ह्याच्यासाठीच वर म्हटलं की भांडण लागलं तर काळातला फोटो जिंकतो.

आता आपल्या सोलापूरकरांची खरी चैन, म्हणजे नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम. अख्ख्या देशातले मॉडेलवाले तिथं यायला बघतात आणि आपल्याला ते टेंभुर्णी-करमाळा मार्गे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पहाटेची गाडी धरली तर एका दिवसात जाऊन येणं होतं. १९९४ मध्ये आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलनं ते सुरू केलं. सेंच्युरियन, शर्मन, चर्चिल, व्हॅलेंटाइन, माटिल्डा, विजयंता, शिवाय १९६५ ला पकडलेले पॅटन, सगळं उघड्यावर ओळीनं मांडलेलं. खेत्रपाल यांचा फामागुस्ता पण नगरलाच, आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय, पण तो भाग लष्करी आहे, म्युझियमच्या तिकिटावर तिथपर्यंत जाता येईल असं धरून निघू नका, आधी विचारून घ्या. म्युझियमची वेळ, सुट्टीचा दिवस, कॅमेऱ्याचे नियम हे पण निघायच्या आधी फोन करून विचारा, मोबाइलनं किती आणि कुठं फोटो काढता येतात ते गेटवर परत एकदा विचारा.

तिथं गेल्यावर सगळ्यांचे फोटो काढत पळू नका. तुमची एक गाडी ठरलेली आहे, तिच्याजवळ दोन तास थांबा. आधी लांबनं, झूम करून, चारी बाजूंनी सरळ समोरनं एकेक फोटो, जवळनं वाइडनं काढला की चाकं अंड्यासारखी वाकडी येतात आणि त्यावरनं माप काढता येत नाही. मग गाडीभोवती एकाच दिशेनं फिरत प्रत्येक पावलाला एक, थोडे एकमेकांवर चढलेले. मग कागद काढून प्रश्न एकेक करून संपवा. फोटोत शेजारी सहा इंची स्टीलची पट्टी धरता आली तर फारच छान, नाही जमलं तर आपला हात तरी फ्रेममध्ये येऊ द्या आणि पंजाचं माप घरी लिहून ठेवा. वरचा भाग बघायला गाडीवर चढायचं नाही, सेल्फी स्टिक वर करून व्हिडिओ घ्या. खालचा भाग बघायला फोन जमिनीवर ठेवून वर तोंड करा, ट्रॅकच्या आतली बाजू, सस्पेन्शनच्या बोगीची मागची बाजू हे फोटो नेटवर फार कमी मिळतात आणि डायोरामात, म्हणजे जमिनीसकट केलेल्या देखाव्यात, गाडी उंचवट्यावर दाखवायची असली की नेमके तेच लागतात. दुपारचं ऊन टाळा, आपल्याकडच्या उन्हात सावली इतकी काळी पडते की फेंडरखालचं काहीच येत नाही, सकाळी लवकर नाहीतर ढगाळ दिवस बघून जा.

आणि तिथं काय बघायचं नाही ते पण सांगतो. रंग बघायचा नाही, म्युझियमची गाडी दर काही वर्षांनी रंगवली जाते आणि जाड रंगाखाली बारीक कास्टिंग नंबर पण बुजतात. सुटं सामान बघायचं नाही, फावडी, कुऱ्हाडी, टो केबल, पेरिस्कोप ह्यातलं बरंच निघून गेलेलं असतं किंवा वेल्ड मारून बंद केलेलं असतं. रिकामे ब्रॅकेट मात्र जरूर बघा, त्यावरनं तिथं काय होतं ते मॅन्युअलमधनं शोधता येतं.

मॅन्युअल हा भाग आपल्याकडं फार कमी लोक वापरतात, खरं तर वस्तू कशी जोडलेली असते ह्यासाठी सगळ्यात भरवशाचा हाच. अमेरिकन सैन्याची महायुद्धातली टेक्निकल मॅन्युअल आता आर्काइव्ह डॉट ऑर्गवर फुकट मिळतात. विलीज जीपचं टीएम ९-८०३, शर्मन एम४ए३ चं टीएम ९-७५९. सर्च करताना गाडीचं नाव टाकण्यापेक्षा हा नंबर टाका, नेमकं तेच येतं. त्याहून बारीक काम करायचं तर पार्ट्सचा कॅटलॉग शोधा, अमेरिकन लष्कराच्या पुरवठा यादीत प्रत्येक गाडीला एक जी नंबर होता, जीपचा जी-५०३, शर्मनचा जी-१०४. पार्ट्स कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तू सुटी करून काढलेली असते, नटापासून वॉशरपर्यंत, त्यामुळं कुठला तुकडा कुठल्या तुकड्यावर बसतो हे फोटोपेक्षा स्पष्ट दिसतं. इंग्रजीची भीती बाळगू नका, चित्रंच बघायचीत.

जीपचा विषय निघालाच आहे तर, पहिल्यांदा डिटेलिंग करणाऱ्यानं रणगाड्यापेक्षा जीप घ्यावी असं मी म्हणेन, कारण जीप आपल्या जिल्ह्यात अजून बघायला मिळते. एखाद्या गॅरेजात नाहीतर कुणाच्या शेतात जुनी महिंद्रा उभी असते, मालकाला नीट विचारलं, "काका, मॉडेल करतोय, खालनं फोटो काढू का?" तर कुणी नाही म्हणत नाही, उलट बॉनेट उघडून दाखवतात. लीफ स्प्रिंग, ॲक्सल, डिफरन्शियल, ब्रेकचे पाइप कसे वळवलेत, वायर कुठं लोंबते, सीटखालचा पत्रा कसा गंजतो, हे सगळं तिथनं घ्या. पण बॉनेट आणि समोरची जाळी घेऊ नका. महायुद्धातल्या विलीजच्या जाळीला नऊ खाचा असतात, नंतरच्या सीजे जीपला (जुनी महिंद्रा त्याच घराण्यातली) सात, सीजे-३बी चं बॉनेट उंच आहे आणि आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं. विलीजचे हेडलाइट तर उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येतात, ती बिजागरी मॉडेलमध्ये दाखवली तर बघणारा जाणकार तिथंच थांबतो.

मापाचं गणित सोपं आहे, पण करायचा कंटाळा करू नका. १/३५ स्केलमध्ये खरा एक मीटर म्हणजे साडेअठ्ठावीस मिलिमीटर, १/७२ मध्ये चौदाला थोडा कमी. सेंच्युरियनची रुंदी ३.३९ मीटर, म्हणजे १/३५ मध्ये ९७ मिलिमीटर, साइड प्लेटा लावून तुमचं मॉडेल मोजून बघा. सतरा नंबरचा पाना लागतो त्या बोल्टचं डोकं १/३५ मध्ये अर्धा मिलिमीटर पण भरत नाही, म्हणून बाजारातनं आणलेले मोठे बोल्ट लावले की मॉडेल खेळण्यासारखं दिसायला लागतं. फोटोतनं माप काढायचं तर त्याच फोटोत माहितीची वस्तू शोधा. वीस लिटरचा जेरीकॅन सगळ्यात सोयीचा, साधारण ४७ सेंटिमीटर उंच. त्याच्याशी तुलना करून शेजारच्या पेटीची उंची निघते, मात्र दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर पाहिजेत. ड्रॉइंग मिळालं १/७२ चं आणि पाहिजे १/३५ चं तर झेरॉक्सवाल्याला २०६ टक्के सांगा, १/४८ वरनं १३७ टक्के. प्रिंट हातात आली की पट्टी लावून रुंदी मोजा, मशिनमध्ये थोडं ताणलं जातं, आणि कधी कधी मूळ ड्रॉइंगच चुकीचं असतं.

रंगाबद्दल थोडक्यात. काळ्या-पांढऱ्या फोटोवरनं रंग ठरवू नका, जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म असेल तर लाल रंग त्यात काळा दिसतो. फिकट का गडद, चमक होती का मॅट, चिखल कुठपर्यंत चढला होता, एवढंच त्यातनं घ्या. आणि माती! बसंतरचा भाग पंजाबच्या गाळाच्या मैदानातला, तिथली माती फिकट, भुरकट करडी. आपल्या मंगळवेढ्याकडची काळी जमीन रोज डोळ्यासमोर असते म्हणून हात आपोआप तोच रंग मिसळतो, तिकडं लक्ष ठेवा. चिखल कसा चिकटतो ते मात्र इथंच शिका, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर बघा, कुठं वाळून पोपडे पडतात, कुठं ग्रीसवर धूळ बसून काळं होतं, चाकाच्या फिरण्यानं चिखल कुठल्या बाजूला उडतो. गंजासाठी एमआयडीसीकडची भंगारची दुकानं आहेतच, पण एक लक्षात ठेवा, चालू पलटणीतली गाडी तशी गंजत नाही, तिची निगा राखणारे लोक असतात.

आणि ज्यांच्याकडं सगळ्यात शेवटी जातात त्यांच्याकडं खरं तर आधी जायला पाहिजे, म्हणजे निवृत्त फौजी. आपल्या जिल्ह्यातनं सैन्यात गेलेली घरं गावोगाव आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आपलं काम सांगा, रणगाड्याच्या रेजिमेंटमधले कुणी माजी सैनिक भेटू शकतील का विचारा, माणसाची परवानगी असेल तर ओळख होते. आर्मर्डमध्ये सुभेदार नसतात, रिसालदार असतात, हवालदाराच्या जागी दफेदार, हे माहीत करून जा, "रिसालदार साहेब" म्हटलं की समोरच्याला कळतं की पोरानं अभ्यास केलाय. त्यांना "गाडीचा रंग कुठला होता" असं विचारू नका, पन्नास वर्षांनी रंगाची छटा कुणाला सांगता येणार. त्यापेक्षा विचारा, बिस्तरा कुठं बांधत होता, चहाचं भांडं कुठं अडकवायचं, पाण्याचा कॅन कुठल्या बाजूला, चढताना पाय कुठं ठेवत होता. पाय जिथं पडतो तिथला रंग झिजतो, ते एक उत्तर दहा फोटोंच्या बरोबरीचं आहे. मॉडेलचा अर्धवट सांगाडा सोबत न्या, हातात दिला की आठवणी आपोआप बोटांतनं येतात. आणि लढाईतल्या मेलेल्या-जखमींबद्दल आपणहून काढायचं नाही, त्यांनी काढलं तर शांतपणे ऐकायचं. घरात जुना फोटो असेल तर मूळ फोटो मागू नका, तिथंच खिडकीजवळ मोबाइलनं काढून घ्या.

एक गोष्ट कडक शब्दात सांगतो. सोलापूर स्टेशनवरनं मिलिटरी स्पेशल गेली आणि त्यावर झाकलेले रणगाडे दिसले तरी फोन बाहेर काढायचा नाही. आज सेवेत असलेल्या गाड्या, छावणी, लष्करी हालचाल ह्यांचे फोटो मॉडेलसाठी म्हणून पण काढायचे नाहीत, शेअर तर अजिबात नाही, १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट अजून लागू आहे. अर्जुन किंवा टी-९० करायचा असेल तर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचे फोटो आणि संरक्षण खात्यानं स्वतः प्रसिद्ध केलेले फोटो भरपूर आहेत, तेवढ्यात काम होतं.

जमवलेलं साठवताना फोल्डर गाडीच्या नावानं करू नका, भागाच्या नावानं करा, "टरेट डावी बाजू", "इंजिन डेक", "ड्रायव्हर हॅच", आणि प्रत्येक फाइलच्या नावात कुठनं घेतला अन् कुठल्या सालचा ते लिहा, साल कळलं नसेल तर प्रश्नचिन्ह टाका. कामाला बसताना तेवढ्याच भागाचे चार-पाच फोटो प्रिंट काढून टेबलासमोर भिंतीला लावा, गोंद लागलेल्या हातानं मोबाइल चाळायला नको. कागदावरच्या ज्या प्रश्नाला सगळीकडं शोधून पण उत्तर मिळालं नाही, तिथं फौजी लोक जे खरोखर करायचे ते करा, त्या जागेवर गुंडाळलेली ताडपत्री किंवा कॅमोफ्लाज जाळी टाका, पण ती पण त्याच सालातल्या फोटोत जशी बांधलेली दिसते तशीच बांधा, दोर कुठल्या हुकाला गेलाय ते बघून.